मे महिन्यातली वही

भिगवण मागे टाकून सोलापूरच्या बाजूला निघालं की महामार्गालगत डाळज लागतं. एक, दोन, तीन अशा नंबरांनी ओळखली जाणारी ही गावं. एका अंगाला रस्त्याची अखंड वर्दळ, दुसऱ्या अंगाला उसापलीकडे उजनीचं पाणी. मे महिन्यात हे पाणी मागे सरतं. फारच उतरलं तर पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचं शिखर उघडं पडतं आणि लोक ते बघायला येतात. शाळांना तेव्हा कुलूप असतं. याच पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी सुट्टीत लिहिलेली एक वही मला वाचायला मिळाली. केंद्रप्रमुखांच्या सहीसाठी ठेवायचं टाचण वेगळं. ही दोनशे पानी वही बाईंनी स्वतःसाठी लिहिली आहे, जूनच्या मध्याला शाळा उघडण्याआधी. वहीभर एकच विचार चालू आहे: कशाआधी काय, कशानंतर काय, आणि कशाला अजून थांबवायचं. पहिलीच्या शिक्षकाची सगळी कला या क्रमात असते असं मला वाटतं. ती एरवी दिसत नाही, कारण जून उजाडला की तिच्यावर मुलांचा गलबला चढतो. इथे ती कागदावर उघडी आहे.

पहिल्या पानावर दाखलपात्र मुलांची यादी आहे. सहा वर्षांची होणारी मुलं घरोघर फिरून नोंदवायची, हे काम प्रत्येक शाळेत होतंच. पण कार्यालयाला जाणाऱ्या यादीत नसलेले तीन रकाने बाईंनी इथे आखले आहेत. पहिला, ‘घरी काय म्हणतात’. हजेरीत मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं पुकारलं जातं. आणि ज्याला जन्मापासून दादू किंवा बाळ्या हीच हाक ठाऊक, तो स्वतःचं नाव ऐकून शेजारच्याकडे बघतो. खाली सूचना आहे: सुरुवातीला आधी घरची हाक, तिच्या पाठोपाठ लगेच शाळेतलं नाव, मग घरची हाक हळूहळू सोडायची. दुसरा रकाना, ‘कोणाबरोबर येणार’. चौथीतली बहीण, मळ्यातले आजोबा, हायवे ओलांडून आणणारी आई. तिसऱ्या रकान्यात फक्त जन्माचा महिना. एकाच वर्षी दाखल होणाऱ्या मुलांमध्ये जानेवारीचं आणि डिसेंबरचं मूल शेजारी बसतं आणि त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचं अंतर असतं. मोठ्यांच्या हिशेबात ते काहीच नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्याचा मात्र तो सहावा हिस्सा आहे. पुढे ऑगस्टमध्ये एखाद्याची पेन्सिल नीट धरली जात नसेल, तर ‘हुशार’, ‘मठ्ठ’ असले शब्द तोंडात येण्याआधी हा रकाना बघायचा, अशी बाईंची योजना. एका अरुंद रकान्यात एवढा न्याय मावतो, हे मला या पानानं दाखवलं.

पुढची काही पानं शाळापूर्व तयारी मेळाव्याच्या नोंदींची आहेत. २०२२ पासून राज्यभर हा मेळावा एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये पुन्हा भरतो. नोंदणीपासून मातांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबलं मांडतात. मूल एका टेबलावर उड्या मारतं, दुसऱ्यावर चित्राबद्दल बोलतं, कुठे वस्तूंचं वर्गीकरण करतं, आणि काय जमलं ते विकासपत्रावर नोंदलं जातं. विकासपत्रात खूण करायला एवढीशी जागा. बाईंनी वहीत त्या खुणेमागची गोष्ट लिहून ठेवली आहे. ‘रंग सांगितले नाहीत. मणी ओवताना मात्र लाल-पिवळा-लाल असा क्रम स्वतः लावला.’ किंवा, ‘गोष्ट सांगेना. आई उठून गेल्यावर सांगितली.’ पहिल्या नोंदीतल्या मुलाला रंगांची नावं येत नसतील, पण आकृतिबंध ओळखण्याची नजर त्याच्यापाशी आहे. ती गणिताची नजर आहे. दुसऱ्याची अडचण भाषेची नव्हे, आईसमोर चुकण्याची आहे. दोन-दोन वाक्यांत मुलाकडे असलेलं आणि नसलेलं इतकं नेमकं वेगळं करणं ही निरीक्षणाची फार वरची पायरी आहे.

आता वहीचा गाभा. अक्षरांचा क्रम.

आपली वर्णमाला उच्चाराच्या जागांवर रचलेली आहे: घसा, टाळू, मूर्धा, दात, ओठ. ध्वनिशास्त्र म्हणून तिला तोड नाही. पण वाचायला शिकणाऱ्याला क, ख, ग, घ, ङ या ओळीतून शब्द फारसे मिळत नाहीत. फलटणला हा विचार चार दशकांपूर्वी मुळापासून झाला. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली तिथे प्रगत शिक्षण संस्था सुरू केली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. अक्षरं आणि स्वरचिन्हं यांचे लहान गट करायचे, म्हणजे मूल पहिल्या गटापासूनच अर्थाचे शब्द वाचू लागेल, ही त्यांच्या पद्धतीतली मध्यवर्ती गोष्ट. फलटण इथून फार लांब नाही; मध्ये नीरा नदी. बाईंनी ती कल्पना उचलून आपल्या गावासाठी गट पुन्हा बांधले आहेत.

पहिला गट: म, क, र, ल, आणि काना. बस, एवढंच. पण खाली शब्दांची पंगत बघा: मका, काम, करा, मला, काल, लाल, माल, कमाल, काका, मामा. यात एकही शब्द पुस्तकासाठी घडवलेला नाही. मका दारात उभा आहे, मामा आठवड्यापूर्वी येऊन गेला आहे. आणि शब्दांवर न थांबता बाई वाक्यावर जातात: ‘काका, काम करा.’ चार अक्षरं आणि एक उभी रेघ शिकलेलं मूल पूर्णविरामासकट एक वाक्य वाचतं. त्याखाली दुसरं वाक्य आहे, ‘मामा, मला मका’, आणि पुढे मोकळी जागा. मला आधी वाटलं लिहिताना काहीतरी राहिलं. पान उलटल्यावर उलगडा झाला. दुसऱ्या गटात द येतो आणि मात्रा येते, आणि पहिलंच वाक्य आहे: ‘मामा, मला मका दे.’ अर्धं राहिलेलं मागणं मुलाच्या मनात काही दिवस अडकून राहतं आणि नवं अक्षर येतं तेच मुळी ते मागणं पुरं करत. गवई राग मांडताना एखादा स्वर मुद्दाम राखून ठेवतो आणि तो लागला की ऐकणाऱ्याला हायसं वाटतं, तसा हा ‘दे’ लागतो. अक्षर शिकण्याची गरज मुलाच्या मनात आधी तयार करणं आणि मग अक्षर देणं: अध्यापनाच्या ग्रंथांत यावर प्रकरणं असतील, इथे ते एका मोकळ्या जागेत केलेलं आहे.

तिसऱ्या गटात वेलांटी. शाळेत आपण ‘पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी’ म्हणतो. बाई दुसरी आधी घेतात. कारण डोळ्यांना कळणारं आहे. दुसरी वेलांटी अक्षराच्या नंतर येते, जशी तिचा आवाज व्यंजनानंतर येतो. पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. नुकतं डावीकडून उजवीकडे सरकायला शिकलेल्या नजरेला तिथे मागे वळावं लागतं. म्हणून ती पाचव्या गटापर्यंत थांबली आहे. आणि दुसऱ्या वेलांटीचे पहिले शब्द काय निवडलेत? काकी, मामी. काका आणि मामा आधीच येऊन बसलेले होते, एका चिन्हासरशी घर भरलं. तिसरा शब्द ‘मी’. त्याच्यापुढे बाईंनी लिहिलंय, ‘इथून मुलं स्वतःबद्दल वाचतील’. हा शब्द किती विचारानं त्या जागी बसवला आहे!

एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं बाईंनी लांब-लांब ठेवली आहेत. म पहिल्या गटात, भ सहाव्यात. घ आणि ध यांच्यात दोन गटांचं अंतर, ब आणि व यांच्यातही. इथे एक अडचण उभी राहते, आणि ती सोडवताना बाईंच्या हाताची खरी तयारी दिसते. लिहायला शिकवताना सारख्या वळणाची अक्षरं जवळ घेणंच सोयीचं. ‘ग म भ न’ हा क्रम त्यासाठीच मराठी शाळांत रुळला. एका वळणावरून हात दुसऱ्यावर सहज जातो. म्हणजे डोळ्याला जे दूर हवं ते हाताला जवळ हवं. बाईंनी दोन क्रम ठेवले आहेत, वाचनाचा निळ्या शाईत, लेखनाचा हिरव्या. आणि हिरवा निळ्याच्या मागून चालतो. भ वाचनात पक्का झाल्याशिवाय ‘ग म भ न’ पाटीवर येत नाही. तोवर हाताला नुसती वळणं: अर्धगोल, उभी रेघ, गाठ, तिरपी. दोन वेगळ्या रंगांच्या ओळी पानावरून एकमेकींपासून अंतर राखत खाली उतरतात, आणि त्या जिथे भेटतात तिथे सप्टेंबर लिहिलेला आहे. वहीतलं मला सर्वांत आवडलेलं पान हे.

अक्षरकार्डं बाईंनी हातानं केली आहेत आणि त्याचं कारण नोंदवलंय. २००९ साली शासनानं मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणं निश्चित केली. पण संगणकावरच्या पुष्कळ फाँटमध्ये हिंदी वळणाचा, दंडाचा ल येतो. बाईंच्या पहिल्याच गटात ल आहे. छापील कार्डावर एक ल, फळ्यावर बाईंच्या हातचा दुसरा, असं झालं तर पहिल्या आठवड्यातच मुलाला दोन अक्षरं शिकावी लागतील. म्हणून पुठ्ठा, ब्रश आणि काळा रंग. पाकळी दोन्ही बाजूंना सारखी भरली आहे. कार्डांवरचे ल एकावर एक ठेवले तर जुळतील इतके सारखे. वर्णमाला मात्र टाकून दिलेली नाही. ती रोजच्या परिपाठानंतर तालावर म्हणायची, पूर्ण, ङ आणि ञ सकट. कानाला वारसा, डोळ्याला गट.

मधल्या एका पानावर मुलांची घरची बोली आहे. डावीकडे ‘पानी, न्हाई, व्हय, हितं, आमी’. उजवीकडे पुस्तकातली रूपं. लाल शाई कुठेही नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ण हा न पेक्षा वेगळा आहे हे आधी ऐकू यायला हवं, मग दिसायला. त्यामुळे ण चा गट पार दिवाळीनंतर. त्याआधी कानाचे खेळ: बाण-पान, कण-कान. ‘चार’ आणि ‘चारा’ ही जोडीही इथे आहे. अक्षर एकच, उच्चार दोन; आकड्यातला च टाळूचा, गुरांच्या चाऱ्यातला दातांकडचा. बाईंची सूचना एका ओळीची आहे: ‘हे त्यांना येतं. शिकवायचं नाही.’ काय शिकवायचं नाही हे ज्याला ठरवता येतं त्याचा आपल्या विद्येवर पूर्ण ताबा असतो.

चित्रवाचनाच्या तक्त्यात भिगवणच्या बाजारातली मासळी आली आहे, मरळ आणि चिलापी. हिवाळ्यात कुंभारगावच्या पाण्यावर उतरणारे रोहित पक्षीही आहेत. जवळपासचंच घेऊन शिकवायची ही रीत महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला रुजवली; खडे, शिंपले, पानं ही त्यांची साधनं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. डाळजच्या बाई तोच धागा पाण्याकाठी आणतात.

गणिताचं साहित्य उन्हाळ्यानंच दिलं आहे. एप्रिल-मेमध्ये घरोघर चिंच फोडतात, चिंचोके मिळतात. सुट्यांसाठी चिंचोके, दशकासाठी खराट्याच्या काड्या, कारण चिंचोक्यांची जुडी बांधता येत नाही. मोजण्याची वस्तू निवडतानाही बाईंनी तिचा पुढचा उपयोग पाहिला आहे. नऊपर्यंत चिंचोके चालतात. दहावं आलं की वस्तूच बदलते, आणि ‘दहा म्हणजे काहीतरी नवं घडलं’ हे बोटांना कळतं. शून्य दहाच्या आधी येतं, रिकामी वाटी म्हणून.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला. त्यामागचा विचार मंगला नारळीकरांनी शांतपणे समजावून सांगितला होता: पंचवीस बोलताना पाच आधी येतो, लिहिताना वीस आधी, आणि नवं मूल तिथे अडखळतं. बाईंनी वाद बाजूला ठेवून दोन्ही घेतले आहेत. जुड्या डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. हात म्हणतो वीस आणि पाच, तोंड शेवटी म्हणतं पंचवीस. पण खरी कारागिरी एकोणीस-एकोणतीसची. हे शब्द पुढच्या दशकावरून मागे मोजतात, म्हणून मुलांना सर्वांत अवघड. बाई एकोणतीससाठी दोन जुड्या आणि नऊ काड्या मांडत नाहीत. तीन जुड्या मांडतात आणि तिसरीतून एक काडी उपसतात. जुडी सैल होते, दोरा गळतो, हातात नऊ सुट्या राहतात: एक उणे तीस. शब्दाची व्युत्पत्ती मुलानं हातानं केली आणि त्याला ती व्युत्पत्ती आहे हे सांगावंही लागलं नाही. इतकी नितळ कृती मी फार थोड्या पुस्तकांत पाहिली आहे.

भिंतींबद्दल वहीत थोडंच आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटपासून फरशीवरची आखणी आणि बोलक्या भिंती राज्यभर पोचल्या. इथेही फरशीवर उड्या मारायचे चौकोन आहेत. एक गोष्ट बाईंची स्वतःची. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीची एक पट्टी त्यांनी रंगवून कोरी सोडली आहे. तिथे मुलांनी आणलेले शब्द लागतील, गोळ्यांच्या वेष्टनांवरचे, खताच्या पोत्यावरचे, एसटीच्या पाटीवरचे. भीमेपलीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. या पट्टीची जातकुळी मला तीच वाटते. पुस्तकाच्या बाहेरचं जग वर्गात आणायला एक दार ठेवायचं.

पहिल्या दिवसाचं पान छोटं आहे. भाषण, फुलं, फोटो हा प्रवेशोत्सव मुख्याध्यापक बघतील. बाईंचा दिवस त्यानंतर सुरू होतो: चपला ओळीत लावणं, पाण्याची टाकी, मुतारी, खिचडी शिजते ती खोली, बहिणीचा वर्ग. मूल या जागा एकदा पायांनी फिरलं की त्याची भीती निम्मी होते. रडणाऱ्यासाठी समजावणीची वाक्यं नाहीत, काम आहे: बादलीतून तांब्यानं झाडांना पाणी घालायचं. तांब्या लहान, म्हणजे फेऱ्या जास्त. हा शेवटचा तपशील कंसात लिहिलेला आहे, आणि त्यात किती रडणाऱ्या मुलांचा अनुभव साठला असेल!

मग नोव्हेंबर. या भागात कारखान्यांचे बॉयलर पेटले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, बीडहून, नगरहून, आणखी लांबून, त्यांच्याबरोबर मुलं. हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये ती निघून जातात. वार्षिक नियोजनाच्या छापील नमुन्यात त्यांच्यासाठी रकाना कुठे असतो? बाईंनी दिवाळीनंतरची सलग पानं कोरी ठेवून वर फक्त ‘गट १ पुन्हा’ असं लिहिलंय. म, क, र, ल पुन्हा फळ्यावर येणार. आणि ते शिकवणार कोण, तर जूनमध्ये आलेली मुलं. प्रत्येक नव्या मुलाशेजारी एक जुनं. नव्याला भाषेचा सोबती मिळतो. जुन्याची उजळणी होते, आणि तीही आपण मोठे झालो या दिमाखात. ज्या मुलाच्या नावापुढे ‘आई उठून गेल्यावर सांगितली’ अशी नोंद होती, त्याचं नाव या पानावर शिकवणाऱ्यांमध्ये सर्वांत वर आहे. मे महिन्यातच बाईंनी त्याच्यासाठी हे काम राखून ठेवलं.

स्थलांतर करणाऱ्या मुलाला जाताना शिक्षण हमी पत्रक मिळतं. त्यावर इयत्ता, उपस्थिती, शिक्का. बाईंनी त्याला जोडायच्या चिठ्ठीचा नमुना शेवटच्या पानावर लिहिला आहे, पलीकडच्या जिल्ह्यातल्या अनोळखी शिक्षकासाठी: ‘तीन गट वाचतो. दुसरी वेलांटी येते, पहिली अजून नाही. जुडी सोडून एकोणीस दाखवतो. घरी त्याला काय म्हणतात ते मागे लिहिलंय.’